डाव्या कानातली बाई

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याला खुशाल वाटू द्या, मी काही कोणाचे पाय धरायला बसलो नाही.

एवढंच सांगतो की आमच्या घरात छप्पन सालापासून उतारे, अंगारे, भूत-खेत सगळं बंद आहे. आजोबांनी दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात असलं सगळं सामान नदीत सोडून आले. अशी गोष्ट सांगताना आमचीच जीभ अडखळते.

पण जे झालं ते झालं...

एप्रिल १९७६. बुधवार. कारंजा लाड.

आणि रात्र नव्हती बरं का. दुपारचे अडीच वाजले होते. असं ऊन, की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं.

इंद्रभान मामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. नागपूरच्या एका संस्थेत ध्वनिमुद्रणाच्या कामावर. गावोगावची जुनी गाणी टेपवर घ्यायची आणि मग ती रेडिओवर लागायची.

त्या साली संस्थेने त्यांना एक नवं यंत्र दिलं होतं. स्टिरिओ मिक्सर. आता मिक्सर म्हटलं की पोरांना चटणी आठवते. हा तसा नव्हे! जेवणाच्या डब्याएवढी पेटी, पट्ट्याने गळ्यात अडकवायची, सेलवर चालायची. वर चार गोल बटणं, चार माईकची. कोणता माईक किती मोठा आणि तो डाव्या कानात ऐकू यावा की उजव्या, हे सगळं बोटांवर. समोर दोन काटे. आवाज आला की काटा उठतो, थांबला की झोपतो.

मामा त्या पेटीला तळहाताच्या फोडासारखं जपायचे. आणि कामाच्या वेळी त्यांचा एक नियम होता. गाणं चालू असताना हूं नाही की चूं नाही. अंगावर विंचू चढला तरी गाणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

या नियमानेच घात केला.

मामांना टेपवर घ्यायची होती त्यांचीच आत्या. चतुराबाई, आसेगावची. वय साठीच्या वर. जात्यावरच्या दोनशे ओव्या तिला तोंडपाठ. दीक्षेच्या ओव्या तर तिने स्वतः बांधलेल्या. पण तिला दमा होता. त्या हिवाळ्यात ती जाता जाता राहिली होती.

"आत्या गेली की ओव्या गेल्या," मामा म्हणायचे. त्यांना घाई झाली होती, ती त्याचीच.

आसेगावात तीन वेळा प्रयत्न झाला. एकदा शेळ्या ओरडल्या. एकदा लग्नाचा भोंगा सुरू झाला. तिसऱ्या वेळी अख्खा मोहल्लाच दारात येऊन बसला आणि खोकू लागला.

मग मामांच्या डोक्यात आलं, कापूस!

कापूस आवाज खातो. चारही बाजूंनी रुईचे छताएवढे ढीग असले, की आत बाहेरचं काही येत नाही. कारंज्यात एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना होता, नाव सांगत नाही. हंगाम संपत आलेला. मालकाने गोदाम एका दुपारपुरतं दिलं. आसेगावच्या घरून निघताना मामांनी आत्याच्या सुनेला शब्द दिला, की संध्याकाळच्या यष्टीने म्हातारीला धडधाकट परत आणतो.

गोदामाच्या कोपऱ्यात एक जुनं जातं पडलेलं होतं. जिनात कामाला असलेल्या बाया पूर्वी तिथेच राहायच्या, त्यांच्यापैकी कोणाचं तरी. मामांनी ते फिरवून पाहिलं. खोल, भरीव आवाज.

"हेच पाहिजे," मामा म्हणाले.

चौकीदार दौलतसिंग दारात उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"ते नका घेऊ साहेब. मी माह्या घरचं जातं आनतो."

"काहून?"

"...जड हाय ते."

"जड आहे म्हणूनच आवाज चांगला आहे. आण इकडे."

आत्यानेही नाक मुरडलं. "इंद्र्या, दुसऱ्याच्या जात्यावर एकटीनं बसू नाई रे बाबू. समोर जोडीन पाहिजे. एकीनं ओवी उचलाची, दुसरीनं पुरी कराची. असंच अस्ते ते."

"आत्या, दोघी झाल्या तर तुझा आवाज दबेल. मला तुझाच पाहिजे. एकटीच बस."

आत्या बसली. समोरची बाजू रिकामी राहिली.

मामांनी एक माईक आत्याच्या तोंडाजवळ लावला, तो उजव्या कानात. दुसरा जात्यासाठी, त्या रिकाम्या बाजूला. तो डाव्या कानात.

दार लोखंडी, दोन फळ्यांचं. गरम वाऱ्याने खडखडायचं. बाहेरून आडणा, म्हणजे आडवा दांडा, घातला तरच गप्प बसायचं. दौलतसिंगने बाहेरून आडणा घातला.

टेप सुरू झाली. आत्याने पहिली ओवी उचलली...

पाच मिनिटंही झाली नसतील. धाडकन दार उघडलं.

"काय झालं साहेब?"

मामा भडकले. "तुला उघडायला कोणी सांगितलं रे?"

"बाईनं हाक मारली नं. दार उघडा दादा, म्हने. दोनदा."

आत्या त्याच्याकडे पाहतच राहिली. "मी तं गाऊन राह्यली होती, बाप्पा."

मामांचं डोकं तापलं होतं. टेप वाया गेली होती आणि आता एकच कोरी टेप उरली होती. ते दारात जाऊन दौलतसिंगला म्हणाले, "हे बघ. आता आतून कोणीही हाक मारू दे. मी मारली तरी उघडायचं नाही. तुला तुझ्या लेकरांची शपथ. गाणं थांबलं आणि मी 'झालं' म्हणालो, तरच उघड. गाणं चालू असताना मी कधी बोलत नाही, हे लक्षात ठेव."

दौलतसिंगने मान हलवली.

आडणा पडला.

आतला अंधार रुईमुळे जरा पांढरट होता. छताजवळच्या झरोक्यातून तेवढा उजेड. मामांनी हेडफोन चढवले, काटे पाहिले. आत्या गाऊ लागली. जातं घरघरू लागलं. उजव्या कानात आत्या, डाव्या कानात जातं. असं स्वच्छ मुद्रण त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग...

डाव्या कानात कोणीतरी श्वास घेतला.

मामांना वाटलं, आत्याच. पण आत्या तर उजवीकडे. आणि ती तेव्हा गात होती. गाणारा माणूस त्याच वेळी श्वास कसा घेईल?

त्यांनी डावं बटण हळूच शून्यावर आणलं.

जात्याची घरघर कानातून गेली.

श्वास गेला नाही.

डावा काटा उठला. बटण शून्यावर, तरी उठला. झोपला. पुन्हा उठला. कोणीतरी हळूहळू दम धरत होतं...

आणि मग तिने गायला सुरुवात केली.

तरणा आवाज, अगदी कानाला लागून. ती ओवीची पहिली ओळ म्हणायची आणि थांबायची. पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबायची.

मामांनी हेडफोन खाली ओढले. गोदामात दुसरं कोणी गात नव्हतं.

आत्याही गात नव्हती.

तिचं तोंड उघडं होतं आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तरी जातं फिरतच होतं. पहिल्यापेक्षा जोरात.

"आत्या, बस कर! थांब!"

नियम मोडला होता. पहिल्यांदाच.

"हात..." आत्या कशीबशी म्हणाली. "हात सुटून नाई राह्यला रे."

मामांनी तिचं मनगट धरलं, बोटं खुंट्यावरून सोडवू लागले. निघेनात. त्यांनी दोन्ही हातांनी खुंटा दाबून धरला. अठ्ठावीस वर्षांचा गडी, पण तोच जात्याबरोबर ओढला गेला. आत्याच्या बाजूने ते रेटा थांबवत होते. रेटा समोरून येत होता.

रिकाम्या बाजूने.

मामा दाराकडे धावले. मुठी आपटल्या. "दौलतसिंग! उघड! आत्या मरते रे!"

बाहेर शांत.

"दौलतसिंग!"

मग दाराला लागूनच त्याचा आवाज आला. थरथरता. "मले फसवू नको. तू कोन हाय, मले मालूम हाय."

"अरे मी इंद्रभान! उघड!"

"साहेब गानं चालू असताना बोलत नाईत. अन् आत तं दोघी बाया मस्त गाऊन राह्यल्या."

दोघी.

मामांनी वळून पाहिलं. त्यांच्या मागे फक्त जात्याची घरघर होती आणि आत्याची घरघर होती. बाहेर मात्र दोघींचं गाणं ऐकू येत होतं. ते गाणं चालू असेपर्यंत हा माणूस दार उघडणार नव्हता. शपथ मामांनीच घातली होती. काय करावं माणसाने?

त्यांनी टेप बंद केली. मिक्सरचे सगळे सेल काढून फेकले. हेडफोनमधून ती गातच होती. झरोक्यापर्यंत जाण्यासाठी रुईवर चढले, तर कमरेपर्यंत आत गेले. हात मारले तसे आणखी खाली. कसेबसे सुटून जात्याजवळ आले, आत्याला मागून मिठी मारली आणि लहान पोरासारखे रडू लागले.

"माझीच चूक झाली गं आत्या. माझीच."

आत्याचे ओठ काळेनिळे पडले होते. डाव्या हाताने तिने मामांच्या गळ्यातल्या हेडफोनकडे बोट दाखवलं.

मामांनी ते तिच्या कानांना लावले.

आत्या ऐकत राहिली. हात फिरतच होता. हळूहळू तिच्या तोंडावरची भीती गेली आणि तिथे कीव आली, असं मामा सांगतात.

"जोडीन मागून राह्यली बिचारी," ती पुटपुटली. "केव्हाची अर्ध्या ओवीवर बसली हाय..."

आणि तिने गायलं. कुठून आणला तेवढा दम, देव जाणे. आम्ही देव मानत नाही, तरी म्हणतो. दळण आटोपताना बाया म्हणतात, तशी शेवटची ओवी.

दाने सरले वो बाई, सरली ओंजळ जवारीची,
उद्या येते जोडीनबाई, आन तुह्या जात्याची...

जातं थांबलं.

आत्याचा हात खुंट्यावरून गळून पडला.

बाहेरही शांत झालं असावं. मामा ओरडले, "झालं!" आणि आडणा निघाला. उन्हाचा लोट आत आला.

दौलतसिंग आणि मामांनी आत्याला उचलून बाहेर आणलं, पाणी पाजलं. ती वाचली. संध्याकाळच्या यष्टीने घरीही गेली. दौलतसिंगने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मामांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "त्या जात्यावालीचा जीव गेला त्या दिवशी तिची जोडीन कामावर आली नव्हती, साहेब. एकटीच बसली होती ते. आता पुढचं नका विचारू."

टेपवर काही आलं नाही. नुसती खरखर.

मामांना वाटलं, सुटलो. आत्याने ओवीत जात्याची आन, म्हणजे शपथ, वाहिली होती, हे ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता आत्या आसेगावच्या घरात आपल्या जात्यावर जाऊन बसली. जात्यात दाणा नाही. ओठ हलत होते, आवाज नाही. तो त्या शेवटच्या ओवीनंतर गेला तो गेलाच, नंतर ती फक्त कुजबुजायची. एक ओळ झाली की थांबायची, समोर पाहायची, मान हलवायची आणि पुन्हा फिरवायची. तासभर.

तिसऱ्या दिवशीही. चौथ्याही.

सुनेने जातं लपवलं, तर ती रिकाम्या जमिनीवर हात फिरवत बसली. डॉक्टर झाले, अकोल्याचा मोठा दवाखाना झाला. काही नाही. दमा वाढत गेला. मामा दर रविवारी जायचे. एकदा त्यांनी तिचे पाय धरले. "आत्या, नको गं जाऊ बसायला. काहून जीव देतेस?"

आत्याने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानाशी कुजबुजली.

"मी उठली तं ते बाई तुले बलावन."

आत्या गेली एकोणऐंशी साली. दुपारी. जात्यावरच.

तेव्हापासून मामा दुपारी घरात थांबले नाहीत. दोन वाजले की चपला घालायच्या आणि बाजारात, स्टँडवर, चहाच्या टपरीवर, चार माणसांत जाऊन बसायचं. पंचेचाळीस वर्षं. लोक हसायचे, म्हणायचे, म्हाताऱ्याला घर खाते. हसू देत.

गेल्या पावसाळ्यात मामा पडले. मांडीचं हाड मोडलं. आता आमच्याकडेच असतात, पलंगावरून उठता येत नाही. दुपारी मी त्यांच्याजवळ बसतो, मोबाईलवर बातम्या लावून, मोठ्याने बोलत. त्यांना बरं वाटतं. मलाही.

परवा मला बँकेत उशीर झाला. घरी पोचलो तर पावणेतीन.

मामा पलंगावरच होते. डोळे मिटलेले.

पण त्यांचा उजवा हात गादीवर गोल गोल फिरत होता.

मी दोन्ही हातांनी तो धरला...

थांबला नाही.