मार्टिनचा अर्धा झगा

"भिकारीच नाही! आता झगा कापून द्यायचा कोणाला?" आर्य म्हणाला.

अमेरिकेतलं शॉमबर्ग गाव. अकरा नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस. शाळेला सुट्टी. जर्मन चर्चच्या अंगणात कागदी कंदील घेऊन मुलं उभी. संध्याकाळी घोड्यावरचा मार्टिन निघतो आणि कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला लाल झगा तलवारीने अर्धा कापून देतो. झगा मिळेपर्यंत भिकाऱ्याने जागचं उठायचं नाही, ही इथली रीत.

रुही उन्हाळ्यातच नागपूरहून आली होती. बोलायला एकटा शेजारचा आर्य. बाकीची मुलं हसून बघत आणि पुढे जात.

"वर्नर आजोबा घरी गेले असतील," मिरवणुकीचे प्रमुख गिरीशकाका म्हणाले. "वय झालंय. फोन उचलत नाहीत. पुढच्या वर्षी भिकारी दुसरा बघू. यंदा झग्याचा सीन कॅन्सल."

"पण काका..."

"बेटा, नंतर."

रुही आणि आर्य चर्चच्या हॉलमध्ये आले, तर तिथे काहीतरी थरथरत होतं. खुंटीवर जाड कोट. कोटाच्या खिशात फोन.

"आजोबांचा आहे," आर्य म्हणाला. "सो? विसरले."

"एवढ्या थंडीत? घरी जाणारा कोट घालून जाईल. भिकारी काढून ठेवेल."

आर्यने खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दरवर्षी ते तळ्यापलीकडे ओकच्या झाडाखाली बसतात. यंदा काकांनी रूट चेंज केला. तिकडे चिखल असतो ना. सगळ्यांना ईमेल केला."

"आजोबा ईमेल बघतात?"

"यार, ते टीव्हीपण बघत नाहीत."

"चल, कोट नेऊन देऊ."

"उठणार नाहीत ते. मार्टिन आल्याशिवाय नाही."

"मग मार्टिनलाच नेऊ."

"घोडा आपलं ऐकणार?"

"घोडा नाही. छोटी मुलं."

गिरीशकाका माईकशी झटत होते. आर्यने कंदिलाचं गाणं सुरू केलं आणि कोट घेऊन दोघं तळ्याकडे निघाले. रुहीला शब्द येत नव्हते. ती नुसतंच ला-ला म्हणाली, पण मोठ्याने.

एक कंदील वळला.

मग चार.

मग सगळे. मुलांमागे आया, आयांमागे बाबा. रिकाम्या अंगणात मार्टिन काय करणार? घोडाही वळला.

"अरे, इकडे! इकडे!" गिरीशकाका ओरडत मागून धावले.

ओकखाली वर्नर आजोबा गोणपाट पांघरून बसले होते. ओठ निळे पडलेले. मार्टिनने झगा कापला. रुहीने त्यावर कोट घातला. तेव्हा ते उठले.

"बराच वेळ कोणीच आलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "वाटलं, मीच जागा चुकलो. आता जमत नाही आपल्याला."

धापा टाकणाऱ्या गिरीशकाकांनी टोपी काढली. "तुम्ही नाही चुकलात. तुम्हाला प्रत्यक्ष सांगायला आम्ही विसरलो. पुढच्या वर्षीही भिकारी तुम्हीच." मग ते मुलांकडे वळले. "शाब्बास. माझं डोकं चाललं नाही, तुमचं चाललं."

रुहीला शाबासकी नीट ऐकूच आली नाही. आजोबा तिच्याकडे निरखून बघत होते.

"मागच्या वर्षी तू नव्हतीस. कोण गं तू? कुठली?"

इथे आल्यापासून हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. रुही बोलू लागली, आणि चर्च येईपर्यंत थांबली नाही.