बारा गाठी, तेरा महिने

दोडक्याच्या मांडवाखाली अंजना वाकून तोडणी करत होती, तेव्हा बांधावर एक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, येऊन थांबली. तिच्यातून उतरलेल्या माणसाला तिनं बेपारी समजलं. यात तिचा काय दोष? शेलूबाजारात तिच्या बापाचा, पुंजाजी माळ्याचा मळा कोणाला ठाऊक नव्हता? बाजाराच्या आदल्या दिवशी भाव पाडून मागणारे असेच उतरायचे. पायात करकरणारा जोडा, डोक्यावर तिरपी टोपी, ओठावर नवी मिशी आणि मिशीखाली फुकटचं हसू.

"भाव बाजारात," ती वर न पाहताच म्हणाली. "मळ्यात काई मिळत नाई."

"पाहू तं द्या."

"पाह्याले पैसे पडत नाई. हात लावाले पडतात."

त्यानं तरी एक दोडका तोडलाच. उलटासुलटा करून पाहिला, नाकाशी नेला. "अन् कडू निंगला तं?"

"आमच्या वेलीले कडू येत नाई. घेणाऱ्याच्या तोंडात असंल तं आमचा इलाज नाई."

तो मोठ्यानं हसला. त्या हसण्यानं झोळीतला गेंदू जागा झाला आणि रडायला लागला. अंजना हातातली पाटी ठेवून धावली, पण तो माणूस आधी पोचला होता. त्यानं पोराला असं उचललं जसं काही रोजचंच आहे.

"पोराले खाली ठेवा," ती म्हणाली. तिच्या हातात विळा होता, हे तिचं तिलाही नंतर कळलं.

"काहून? माह्या भावाचं पोरगं हाय."

आता तिनं नीट पाहिलं. ते डोळे तिनं पाहिले होते... थोरल्या बहिणीच्या, गिरजाबाईच्या लग्नात. तेव्हा मिशी नव्हती, टोपी नव्हती, बुंदीच्या कढईभोवती घुटमळणारं एक काटकुळं पोरगं होतं. किन्हीराजा गावचा उत्तम. जगदेव भाऊजींचा धाकटा भाऊ. मधली तीन वर्षं अकोल्याला कापसाच्या जिनात कारकुनी करत होता म्हणे.

तिनं विळा पाठीमागे लपवला. लाजेनं नाही, भीतीनं. किन्हीराजाची दमणी दारात आली म्हणजे काय, हे ती वर्षभर रोज मनात घोकत होती.

गोष्ट अशी की गेंदू हा गिरजाबाईचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती श्रावणात इथं आली, आणि पोराला जन्म देऊन पाचव्या दिवशी गेली. गिरजाची सासू कस्तुराबाई मोठी करारी बाई. तिनं मयताच्या अंगणातच सांगून टाकलं होतं की लेकरू वर्षाचं होऊ द्या, वाढदिवस करू आणि आमचं आम्ही नेऊ. तेव्हापासून गेंदू अंजनाच्या कडेवर. तिची ठरलेली सोयरीक त्यात मोडली. एकोणीस सरून विसावं लागलं, बाया पाणवठ्यावर तोंडाला पदर लावून बोलत. अंजनाला त्याचं काही नव्हतं. तिला भीती एकाच दिवसाची होती.

आणि तो दिवस हा माणूस दमणीत घालून घेऊन आला होता. लाल झबलं, गुळाची भेली आणि आईचा निरोप: वाढदिवस येत्या दशमीला.

"येत्या दशमीले?" अंजनाची आई आवडाबाई पदर खोचत बाहेर आली. "कोन्त्या हिशोबानं?"

उत्तमनं सांगितलं. आईनं सुताच्या दोऱ्याला दर शुद्ध दशमीला एक गाठ मारली होती. देवळातल्या खांबाला बांधलाय दोरा. अकरा पडल्या, येत्या दशमीला बारावी. बारा महिने म्हणजे वर्ष.

आवडाबाई हसता हसता ओट्यावर बसलीच. "अवं बाप्पा... सध्या धोंड्याचा महिना सुरू हाय. अधिक श्रावण हा. अधिकात कोणी लेकराले ओवाळते काय? औंदा वरीस तेरा महिन्याचं. वाढदिवस निजाच्या दशमीले. तुमच्या मायले सांगा, दोऱ्याले धोंडा कळत नाई."

धोंडा लागलाय हे कस्तुराबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण स्वतःच्या हातानं मारलेल्या गाठीवर तिचा जोश्याच्या पंचांगापेक्षा जास्त भरवसा. अशा बायका चुकत नाहीत, चुकतो तो महिना.

अंजनानं गेंदूला छातीशी धरलं. एक महिना. आभाळातून पडावा तसा सबंध एक महिना तिच्या पदरात पडला होता. उत्तम झबलं आणि भेली ठेवून रिकामी दमणी घेऊन निघाला, तेव्हा बांधावरून वळून म्हणाला, "दोडका घेऊन चाल्लो. पैसे पुढच्या बाजारी देईन."

पैसे त्यानं कधीच दिले नाहीत. आला मात्र दर बाजारी.

कारण वाढदिवस म्हटला की दोन घरांत ठरवायचं काय थोडं असतं? कस्तुराबाईचं म्हणणं, कार्य किन्हीराजाला व्हावं. आवडाबाई म्हणाली, लेकरू ज्या मातीत रांगलं तिथंच ओवाळलं जाईल, ज्याला यायचं त्यानं यावं. मग तिकडून निरोप आला की पुरण तरी आमच्या डाळीचं. इकडून गेला की डाळ तुमची, पण गूळ परत न्या, त्याला वास येतो. स्वयंपाकाचे मोठे गंज कोणाकडून मागायचे, पत्रावळी किती, वाजंत्री सांगायची की नाही... प्रत्येक गोष्टीला एक निरोप आणि प्रत्येक निरोपाला उत्तमची दमणी.

त्यात त्याच्या स्वतःच्या अकोल्याच्या कल्पना. तिथं एका वकिलाच्या घरी त्यानं पोराचा वाढदिवस पाहिला होता. रबरी फुगे टांगले होते, पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या होत्या. फुगे म्हणजे काय, हे अंजनानं विचारलं, तर त्यानं खिशातून एक काढून फुगवायला घेतला. गाल लाल झाले, डोळे बाहेर आले.

"राहू द्या," ती म्हणाली, "वाढदिवस लेकराचा हाय. तुमच्या तेरवीचा खर्च आमच्याच्यानं नाई होनार."

त्याला हसू फुटलं आणि हवा सुटली. फुगा फुर्रर करत मांडवात जाऊन अडकला. पुंजाजीसुद्धा हसला, जो मोटेच्या बैलांशी सोडून कोणाशी बोलत नसे.

एकदा आवडाबाईनं जगदेवसाठी अनारसे दिले. धोंड्यात जावयाला द्यायची रीत. लेक गेली तरी जावई जावईच, म्हणत तिनं डोळे पुसले आणि डबा अंजनाच्या हाती दिला. अंजना बांधापर्यंत गेली.

"हे भाऊजींसाठी हायेत. रस्त्यात उघडू नोका."

"अन् मले?"

"तुमाले वास."

"वासावर माणूस किती दिवस जगते?"

ती उत्तर देणार तोच सर आली. ऊन असतानाच आलेली, श्रावणातली ती लबाड सर. दोघं मांडवाखाली शिरले. पानांवर टपटप, झोळीत गेंदू झोपलेला, त्याच्या टोपीवर पडणाऱ्या थेंबाखाली उत्तमनं आपला तळहात धरला. बराच वेळ धरला. थेंब पडे, हातावर फुटे. अंजना त्या हाताकडे पाहत राहिली. त्यानं ते पाहिलं. मग दोघांनीही दोडके पाहिले.

"अंजनाबाई... एक गोष्ट सांगाची होती."

"मंग सांगा."

त्यानं थेंबाखालचा हात मागे घेतला. "धोंडा सरू द्या. या महिन्यात तसलं बोलू नाई म्हणतात."

तसलं. तो एक शब्द टाकून दमणी गेली, आणि त्या दिवसापासून अंजनाचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. भाकरी तव्यावर जळे. दोरी सोडावी तर बादली विहिरीत. रोज उठून बोटावर दिवस मोजी, आणि मोजताना काळीज दोन्हीकडे ओढलं जाई. धोंडा सरावा, म्हणजे तो बोलेल. धोंडा सरू नये, कारण सरला की दशमी आली, आणि दशमीला गेंदू गेला. एकाच महिन्याला ये आणि थांब म्हणणारी बाई वेडी नाही तर काय? आई म्हणाली, तुला ताप आहे काय. ती म्हणाली, नाही. आईनं जरा जास्तच वेळ पाहिलं तिच्याकडे.

अमावास्या झाली. निज श्रावण लागला. पहिल्या बाजारी दमणी आली ती भरून, पत्रावळींच्या चवडी, डाळ, वकिलाकडे होते तसे फुगे. उत्तमनं घरात सगळा हिशोब सांगितला, पाणी प्याला, आणि जोडा घालून सरळ मळ्यात आला. हसू नव्हतं.

"निरोप हाय आईचा," तो म्हणाला. "पैल्याच दिवशी सांगितला होता मले. धोंडा होता म्हणून बोललो नाई. अन् मंग... लेकराले ओवाळाच्या वक्ती दोन पाट मांडा म्हणे. एकावर दादा, गेंदूले घेऊन. शेजारच्यावर..."

"कोण?"

"तुमी."

चार माणसांत शेजारच्या पाटावर बसणं म्हणजे होकार, हे त्या मुलखात लहान पोरीलाही कळतं. गेंदूला आई मिळावी म्हणून मेव्हणीला मागणी घालायची, यात वावगं कोणाला दिसणार होतं? बसली तर गेंदू जन्मभराचा तिचा. नाही म्हणाली तर कस्तुराबाई लेकरू उचलून नेणार, आणि मावशीनं वर्षाकाठी एकदा खाऊ घेऊन जायचं. आणि समोर उभा असलेला हा माणूस? बसली तर तो दीर होणार. एकाच घरात, एकाच टोपलीतली भाकरी वाढायची...

"महिनाभर तुमी नुस्ते डाकवाले होते?"

"घरात अजून नाई सांगितला निरोप. तुमालेच सांगून राह्यलो."

"काहून?"

मांडवातला तो जुना फुगा सुकून चिंधीसारखा लोंबत होता, त्याच्याकडे तो पाहत राहिला.

"हे गप राह्यणं मले कळते," अंजना म्हणाली. तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "पण मांडवात गप राहून काई होत नसते, उत्तमराव. चार लोकांत बोलता येत असंल तं बोला. नाई तं त्या पाटाचं माह्यं मी पाहीन."

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिला ठाऊक. गेंदूला तीनदा न्हाऊ घाली, झोपलेल्याला उठवून घेई. पोरगं बिचारं वैतागलं.

दशमीचा दिवस उजाडला. अंगणात पळसाच्या डहाळ्यांचा मांडव, त्याला लाल-पिवळे फुगे, शेलूची निम्मी पोरं त्यांच्याखाली तोंडं वर करून. चुलाणावर पुरण रटरटत होतं. किन्हीराजाच्या दोन दमण्या आल्या. कस्तुराबाई उतरली, नातवाला पोटाशी धरलं, एक हुंदका आला तो गिळला, आणि लगेच नजर ओट्यावर गेली. तिथं रांगोळी होती, समई होती, आणि पाट एकच होता.

"दुसरा पाट कुठी?"

"दुसरा कायले?" आवडाबाई म्हणाली. "लेकरू एक, बाप एक."

कस्तुराबाई सावकाश वळली. उत्तम पंगतीच्या पत्रावळी मांडत होता. तो उभा राहिला. सगळं अंगण थांबलं. ओवाळणीचं तबक धरलेली अंजना त्याच्याकडेच पाहत होती... बोल. बोल ना.

"तुले निरोप सांगितला होता," कस्तुराबाई म्हणाली.

"हो."

"मंग?"

उत्तमनं तोंड उघडलं, मिटलं. टोपी काढली, पुन्हा घातली. "दर बाजारी निंगताना ठरवलं की आज सांगतो. इथीसा आलो की जीभ उचले ना. दादासाठी मांगाले आलो होतो, आई... अन् मलेच पाह्यजे होती ते."

बाया कुजबुजल्या. पुंजाजी बैलांकडे पाहू लागला. कस्तुराबाईच्या कपाळावरची शीर ताठ झाली. तिनं काही बोलायच्या आत मागे उभा असलेला जगदेव पुढं आला. वर्षात त्याचे केस पिकले होते.

"आई, मी तुले नाई म्हणालो नाई, कारण तुले नाई कोणी म्हणत नाई. पण अंजनाच्या तोंडवळ्यात मले गिरजा दिसते. रोज दिसंल. मले जमाचं नाई ते."

"अन् लेकराले आई?" कस्तुराबाईचा आवाज पहिल्यांदा चिरला. तिला खरोखर तेवढंच हवं होतं. ती तबकाकडे, तबक धरणाऱ्या हातांकडे आली. "तू सांग वं पोरी. माह्या घरात यायले काय अडते तुले?"

"घरात यायले नाई अडत," अंजना म्हणाली. "माह्या तायडीच्या पाटावर नोका बसवू मले. मी याची मावशी हाय. काकू होईन. तुमच्या वसरीत दोन्ही हातानं वाढवीन याले. त्यात आई किती पडते ते तुमीच मोजा."

एक फुगा फुटला, एक पोर भोकाड पसरून रडलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं.

कस्तुराबाईनं उत्तमकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, जसं पहिल्यांदाच पाहतेय. "तीन वर्षं अकोल्याले राह्यला," ती म्हणाली, "अन् एक निरोप सांगता नाई आला." मग आवडाबाईकडे वळली. "इहीणबाई, दुसऱ्यांदा इहीण व्हाल काय?"

"पैलीच कुठी सुटली?" आवडाबाई म्हणाली. एवढंच. डोळ्याला पदर लावला, पण सबब धुराची सांगितली.

"मंग ओवाळ वं लवकर," कस्तुराबाई अंजनाला म्हणाली. "वात विझून राह्यली. बाकीचं जेवल्यावर. अन् लग्न तुळशीच्या लग्नानंतर, आधी मी ऐकणार नाई."

जगदेव पोराला घेऊन पाटावर बसला. अंजनानं तबक उचललं. गेंदू हलत्या ज्योतीला पाहून खदखदून हसला आणि धरायला झेपावला. बापानं मूठ धरली. अंजनानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि डोळे वर केले तर तो तिथंच. हातात पत्रावळींची चवड, तोंड किंचित उघडं, जिनातल्या कारकुनाची सगळी अक्कल कुठंतरी सांडलेली.

आवडाबाईनं त्याच्या कोपराला हलकेच ढोसलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "लोकं भुकेले हायेत."

तो दचकला आणि वाढायला निघाला, पंगत होती त्याच्या बरोब्बर उलट दिशेनं.