फितीचा मधला तुकडा

गंगाखेडच्या स्टँडवर धम्मशीला राणीसावरगावच्या गाडीची वाट बघत होती. साखर कारखान्याचा गोडसर वास नाकात भरलेला, पण तोंड कडू. उद्या पाहुणे तिला बघायला येणार होते आणि आईनं बजावलं होतं, "यंदा न्हाई म्हणायचं न्हाई."

आणि नेमका समोरच्या बाकावर तिच्या बारावीच्या वर्गातला नागेश! जेवणाचा डबा शेजारी ठेवून पोटाला इन्सुलिनचं पेन टोचून घ्यायलेला. सुई काढून त्यानं वर पाहिलं... अन् बघतच राहिला.

"कधीपासून घ्यायलास हे?" तिनंच विचारलं.

"बारावी झाली अन्... लगेच."

अगं बाई! बारावीनंतर हा गडी असा फिरला की भीमजयंतीच्या मिरवणुकीतही तिला पाहून गल्ली बदलायचा. ती किती रडली, ते तिच्या उशीलाच ठाऊक.

त्याच बारावीत इन्सुलिनचा धडा याच्या डोक्यात शिरेना, तेव्हा तिनं वेणीची लाल फीत सोडली होती. दुमडून दोन टाचण्या लावल्या अन् मधला भाग कचकन कापला. "आधी असं लांबलचक असतंय. स्वादुपिंडाच्या पेशीत विकरं मधला तुकडा कापतात, तवा कुठं इन्सुलिन होतंय. कळलं का, ठोंब्या?" ठोंब्या फितीकडं कमी अन् मोकळ्या वेणीकडंच जास्त बघत होता.

"मला का न्हाई सांगितलंस?" आता तिचा आवाज चढला.

"काय सांगू? पेशीच गेल्या माझ्या. जन्मभर सुया... तुला कशाला गुंतवायचं?"

"ते तू एकटाच ठरवणार होय रे? लय शहाणा!"

तो ओशाळला. पेन डबीत ठेवताना आत काहीतरी लाल दिसलं. तिनं झडपच घातली. विटलेला, पण तिच्याच फितीचा मधला तुकडा! राग आला होता खरा, पण माया त्याहून जास्त आली.

"डॉक्टर रक्तात इन्सुलिनचा हाच कापलेला तुकडा शोधतात," ती हळूच म्हणाली. "सापडला की समजायचं, आत अजून इन्सुलिन व्हायलंय."

"माझ्या रक्तात न्हाई सापडला, धम्मे."

"हितं सापडला की!"

त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात गाडी लागली. तो घाईनं उठला, "गाडी जाईल तुझी—"

"जाऊ दे. सुई घेतलीस, आधी जेव. दुसऱ्या गाडीनं जाऊ."

"जाऊ...? दोघं?"

"उद्या पाहुणे यायचेत मला बघायला. त्यांच्या आधी तू बाबांशी बोल."

"अन् काय बोलू?"

"ते तू ठरव की, शहाण्या! एवढी वर्षं वाट बघितली, तुझी भाकरी संपस्तोवर अजून बघते."