सोनूच्या लग्नाची कॅसेट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तुमचाही नसेल तर उत्तमच. पण हे आमच्या रमाकाकूच्या बाबतीत घडलंय. जालन्यात, मस्तगडला, गेल्या एप्रिलात. तेही भर दुपारी. रात्र असती तर झोपेत काहीतरी दिसलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं असतं. काकू खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. जमलं असतं तर तिचा संसार जरा सोपा गेला असता.

केशवकाका म्हणजे तिचा नवरा. सरकारी नोकरीतून रिटायर झालेला, आणि व्हीसीआरचं वेड लागलेला माणूस. आतली अख्खी खोली जुन्या मशिनांनी भरलेली. भंगारवाल्यांना सांगून ठेवलेलं, व्हीसीआर आला की आधी मला फोन करा. त्यांच्यासारख्याच वेड्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप होता. दिवसभर तिथे मशीनचे पट्टे, हेड आणि ट्रॅकिंग, दुसरा विषय नाही. या मंडळींचा एक धर्म होता. कॅसेट मशीनवरच बघायची. पेनड्राइव्हवर कॉपी काढणं म्हणजे पाप.

"कॉपी म्हणजे मढं," काका म्हणायचे. "फीत जिवंत असते."

आणि याच घरात जान्हवीची कॅसेट होती.

जान्हवी त्यांची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची असताना तापाने गेली. त्याला पंचवीसच्या वर वर्षं झाली. फोटो आहेत, पण चालती-बोलती जान्हवी फक्त त्या एका कॅसेटमध्ये. परतूरला काकूच्या माहेरी कुणाचं तरी बारसं होतं, तिथलं शूटिंग. पिवळा फ्रॉक घालून ती अंगणात लंगडी घालते. पैंजण वाजतात. मध्येच कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "आई, बघ ना." काकू तेव्हा कॅमेऱ्याच्या मागे उभी होती.

ही कॅसेट वर्षातून एकदाच लागायची, जान्हवीच्या वाढदिवसाला. दर वेळी फीत झिजते, असं काकांचं म्हणणं. काकूने किती वेळा सांगितलं असेल, "अहो, मोबाइलवर घ्या ना. मी रोज बघीन."

काका ऐकायचे नाहीत. पोटच्या लेकीला बघायला आईने वर्षभर थांबायचं, कारण नवऱ्याला फितीची काळजी. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, पण ते घरातलं दुसरंच कुणीतरी भरतं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कुंभार पिंपळगावहून कचरू नावाचा माणूस आला. त्याच्या पिशवीत एक कॅसेट होती.

"बहिणीच्या लग्नाची हाय, साहेब. सोनूची. माय म्हणून राह्यली, डोळे मिटायच्या आधी एकडाव दाखव."

"बहीण कुठे असते?"

"न्हाई ती. लग्नाला साल बी झालं नव्हतं. सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणले ते. मंग तिचं सामान पाठवून देलं, त्यात ही आल्ती. पेटीत पडून होती."

पेटी गळक्या पत्र्याखाली होती. काकांनी कॅसेटचं झाकण उचललं. फितीवर पांढरी बुरशी होती, शिळ्या भाकरीवर येते तशी.

आता इथे काकांचा एक नियम होता, सगळ्या ग्रुपचाच होता. बुरशीची फीत चांगल्या मशीनमध्ये कधीच घालायची नाही. बुरशी हेडवर, म्हणजे मशीनच्या फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. त्यासाठी काकांनी एक जुनाट मशीन वेगळं ठेवलं होतं. त्याला ते 'दवाखाना' म्हणायचे. पण दवाखान्याचा पट्टा तुटलेला. आणि काका ग्रुपवर आधीच सांगून बसलेले, की संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बुरशीतून चित्र काढून दाखवतो.

मोठेपणा नडला. काकांनी फीत स्पिरिटने पुसली आणि ती कॅसेट आपल्या सगळ्यात लाडक्या मशीनमध्ये घातली.

चित्र आलं. मांडव, अंतरपाट, हातात हिरवा चुडा घातलेली नवरी. ग्रुपवर वाहवा झाली. ग्रुपमधले राधेश्याम तर म्हणाले, "केशवराव, मानलं बुवा तुम्हाला." काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की सगळ्या लग्नात ती नवरी एकदाही हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी हेड नीट पुसला आणि जान्हवीची कॅसेट घातली. काकूने शिरा केला होता. ती समोर खुर्चीत बसली.

अंगण दिसलं. जान्हवी लंगडी घालायला लागली.

पण पैंजण वाजेनात...

काकूने आवाज वाढवायला सांगितला. बारशाच्या बायकांची बडबड स्पष्ट ऐकू येत होती. फक्त पैंजण नव्हते.

त्या जागी दुसराच आवाज होता... किण... किण...

काचेच्या बांगड्यांचा. हात कोपरापर्यंत भरलेला असला की येतो तसा.

अंगणातल्या एकाही बाईच्या हातात एवढ्या बांगड्या नव्हत्या.

मग मागच्या दारात ती दिसली... शालू नेसलेली, कपाळाला मुंडावळ्या. कालची नवरी. जान्हवीकडे बघत उभी होती.

"अहो, ही कोण?"

"हेडवर कालचं काहीतरी राहिलंय," काका म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. एवढी वर्षं मशिनं उघडणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, बुरशी एका फितीतून दुसरीत जाते. चित्र जात नाही.

"बंद करा," काकू म्हणाली.

काकांनी ऐकलं नाही. रिवाइंड केलं, पुन्हा हेड पुसला, पुन्हा लावली. वर्षातून एकदा लागणारी कॅसेट लागोपाठ दुसऱ्यांदा लागली.

आता नवरी अंगणात उतरली होती...

जान्हवी लंगडी घालायची थांबली. कॅमेऱ्याकडे बघायची वेळ झाली. काकूचे ओठ तिच्याबरोबर हलले, दर वर्षी हलतात तसे.

पण जान्हवीने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. मान वर करून तिने नवरीकडे पाहिलं.

"आई, बघ ना."

काकू धावली. बटण दाबलं. मशीन थांबेना. ती दाबत राहिली.

नवरीने हात पुढे केला. जान्हवीने तो धरला. दोघी अंगणातून बाहेर गेल्या.

पुढे नुसतं अंगण. बायका पाळण्याभोवती बोलत होत्या. कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर कॅसेट परत परत लावली. दर वेळी रिकामं अंगण. काकूने आवाज चढवला नाही. "मोबाइलवर घ्या म्हणत होते मी," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी कचरू आईला घेऊन आला. तिचं नाव गिरिजाबाई. गावात व्हीसीआर नव्हता, म्हणून म्हातारी लेकीचं लग्न बघायला एसटीने आली होती. काका नको नको म्हणत होते. काकूनेच त्यांच्या हातातून सोनूची कॅसेट काढून घेतली आणि लावली. तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

मांडव दिसला. बोहल्यावर सोनू होती...

आणि तिचा पदर धरून पिवळ्या फ्रॉकमधली जान्हवी.

सोनू तिच्याकडे बघून हसत होती.

गिरिजाबाईने टीव्हीच्या काचेला हात लावला आणि रडायला लागली. "हसली गं माझी बाय. लग्नात बिलकुल हसली नव्हती. मला मांडवात म्हणली, माय, मला न्हाई जायचं. म्याच दंडाला धरून बसवली तिला."

काकूने मोबाइल काढला आणि टीव्हीसमोर धरला. मोबाइलमध्ये, सिग्नल गेल्यावर टीव्हीवर येतात तशा, नुसत्या मुंग्या आल्या.

"ती लहानगी माझी आहे," काकू म्हणाली. "कॅसेट मला द्या."

गिरिजाबाईने डोळे पुसले. "तुमची असंल, बाई. मी कुठं न्हाई म्हणते. पन कॅसेट न्हाई देनार. माझी लेक पैल्यांदा हसून राह्यली."

काकूने हात जोडले. कचरूने मान खाली घातली. म्हातारीने कॅसेट पदराखाली घेतली ती सोडली नाही. काकूला तिचा राग आला, पण तिचं चुकलं असं म्हणता येईना. तिच्या जागी काकूनेही हेच केलं असतं.

मग काकूने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता एक गोष्ट केली. ते लाडकं मशीन वायरीसकट उचलून कचरूच्या हातात दिलं. "घेऊन जा. पण मला बघायला येऊ द्या."

"या की," गिरिजाबाई म्हणाली. "बाजाराच्या दिवशी येत जा. पोरीला बघून जात जा."

काका भिंतीला टेकून बसले होते.

तेव्हापासून काकू दर बाजाराला कुंभार पिंपळगावला जायला लागली. दोघी आया टीव्हीसमोर चहा घेत बसायच्या. एक म्हणायची माझी हसली, दुसरी म्हणायची माझी कशी बिलगून बसलीये बघा. पहिल्या काही खेपा खरंच बऱ्या गेल्या. वर्षातून एकदा दिसणारी लेक आता दर आठवड्याला दिसत होती. काकूचा चेहरा उजळला होता, मलाही बरं वाटायचं.

मग एक दिवस ती मला म्हणाली, "जान्हवीला फ्रॉक आखूड व्हायला लागलाय."

"काकू, कॅसेटमध्ये कुणी वाढतं का?"

तिने विषय बदलला. पुढे कधीतरी म्हणाली, परकर-पोलकं होतं. मग म्हणाली, साडी होती. मांडव तोच, वऱ्हाड तेच, भटजी तोच, लग्नाचा दिवसही तोच. त्यात पोर तेवढी भराभर मोठी होत होती.

"तुम्हाला दिसत नाही का?" काकूने एकदा गिरिजाबाईला विचारलं.

"दिसतंय की," म्हातारी म्हणाली. "पोरी वाढत्यातच, बाई."

मागच्या बाजाराला काकू गेली आणि मिळेल त्या गाडीने परत आली. पायात चप्पल नव्हती. पाणी घेईना. दिवेलागणीला तिने सांगितलं.

कॅसेट लागली तेव्हा सोनू बोहल्यावर नव्हती. ती वऱ्हाडात बसली होती, तेव्हाच्या गिरिजाबाईच्या मांडीला मांडी लावून. मुंडावळ्या नाहीत, चुडा नाही. आईशी बोलत, हसत होती.

मग बोहल्यावर कोण, म्हणून काकूने पाहिलं...

जान्हवी होती.

अंगाला हळद लागलेली. दोन बायकांनी तिला दंडाला धरून बसवलं होतं. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, पण वाजंत्रीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

काकूने गिरिजाबाईकडे पाहिलं. म्हातारीने नजर चुकवली नाही.

"एकीला तरी बसावंच लागतंय, बाई," ती म्हणाली. "माझी बसून झाली."

आणि पाठवणीच्या आधीच तिने टीव्ही बंद केला.

उद्या पुन्हा बाजार आहे. काकूने पिशवीत खण, नारळ आणि ओटीचे तांदूळ भरून ठेवलेत. काका तिच्या पाया पडायचे बाकी राहिलेत, जाऊ नको म्हणून. मीही सांगून पाहिलं. तर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "लेक सासरी निघालीये गं. पाठवणीला आई नको का?"

ते सासर कुठलं, ते तिला माहीत आहे. तिथली विहीरही माहीत आहे. मी सोबत जाईन म्हणाले खरी, पण अजून माझं धाडस होत नाही.