कात्रीनाला ये म्हणावं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरींनो. उद्यापासून तुम्ही एकेकट्या लोकांच्या घरी आजाऱ्यांची रात्र सांभाळायला जाणार. काय शिकवलंय तुम्हाला? डोकं गेलेल्या म्हाताऱ्याशी वाद घालायचा नाही, तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. नियम चांगलाच आहे. सावेताही तो पाळायची, आणि आमच्या संस्थेतल्या निम्म्या बायका तिच्याच हाताखाली तयार झाल्या.

सहा फेब्रुवारीची रात्र, गुरुवार. व्हास्लुई शहराच्या पुढच्या एका गावात मीच तिला गाडीनं सोडलं. काम साधं होतं. लेनुत्सा नावाची चाळिशीतली बाई चार वर्षं एकटी बापाला सांभाळत होती, तिला एक रात्र झोप मिळवून द्यायची. बाप इलारिओन, जन्मभर जंगलात लाकडं तोडलेला. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्याचं उजवं अंग गेलं, डोकं गेलं, पण डावा हात शाबूत होता. त्या हाताचे वळ लेनुत्साच्या गालावर होते.

"मावशी, तो मारतो हां," ती म्हणाली.

"मला मारू दे. मला निदान पगार मिळतो त्याचा. तू झोप. आज तुला कुणी उठवणार नाही, माझा शब्द."

लेनुत्सा हसली. पलीकडच्या खोलीत गेली, केस मोकळे सोडले आणि पडल्या पडल्या झोपली.

तिची आई कात्रीना ती लहान असतानाच गेली. तळघराच्या पायऱ्यांवरून पडली, असं गाव म्हणायचं. अंग कसं काळंनिळं होतं ते प्रेताला आंघोळ घालणाऱ्या बायकांनी पाहिलं होतं, पण एकीनं तोंड उघडलं नाही. मला त्यांचा अजून राग येतो.

असो. मध्यरात्र उलटली. सावेता खुर्चीत बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. म्हाताऱ्यानं दाराकडे मान वळवली.

"कात्रीना आलीय."

"हो का?"

"बाहेर उभी आहे, बर्फात. आत येऊ का विचारतेय. काय सांगू?"

सावेतानं मान वरसुद्धा केली नाही. "ये म्हणावं. घर तिचंच आहे."

म्हातारा रडायला लागला.

दाराची कडी आतून लावलेली होती. ती तशीच राहिली... पण खोली गार पडली. एकदम.

मग फटका ऐकू आला. कुणी दिसलं नाही. म्हाताऱ्याचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. नाकातून रक्ताची धार लागली. सावेता मध्ये पडली, तर तिला उचलून चुलीच्या विटांवर फेकलं. मनगट मोडलं तिचं.

मग म्हाताऱ्याचा डावा हात वर उचलला गेला.

एक बोट मागे वळलं. कट्.

दुसरं...

"नको, कात्रीना," तो म्हणाला. "नको गं..."

तिसरं.

सावेतानं लेनुत्साला हाक मारायला तोंड उघडलं. तोंडावर हात आला. गार. तळघरातल्या मातीचा वास. आणि कानाशी, अगदी हळू...

"पोरगी झोपलीय."

सकाळी मी पोचलो तेव्हा म्हातारा खाटेखाली मरून पडला होता. डॉक्टर म्हणाले, पडला असेल. गावानंही तेच धरलं. गावाला ते जड गेलं नाही, सवय होती.

आम्ही लेनुत्साला उठवायला गेलो. रात्री एवढी आदळआपट झाली, पण ती हललीसुद्धा नव्हती. ऊन तोंडावर येऊनही गाढ झोपेत होती. मी हाक मारली तशी डोळे चोळत उठली, आणि तिचा हात केसांकडे गेला.

दोन वेण्या. घट्ट, शाळेत जाणाऱ्या मुलीला घालतात तशा. टोकांना लाल लोकर बांधलेली.

ती बराच वेळ त्या चाचपत राहिली...

"मावशी, तुम्ही घातल्यात?"

सावेताचं मनगट सुजून टम्म झालं होतं. तिनं नुसती मान हलवली. नाही म्हणून.