कुत्रा बिघडला म्हणे

गोराताची थोरली बहीण नेओ लग्न होऊन फ्रान्सिसटाउन शहरात गेली, ते वर्ष एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. ईस्टरला लग्न झालं, आणि पाहुणे जातात न जातात तोच नेओची सगळी कामं गोराताच्या गळ्यात येऊन पडली. त्यातलं मोठं काम म्हणजे घरून दिलेली पिल्लं कशी वाढतायत ते गावोगावच्या शेळ्यांच्या तळांवर जाऊन बघणं.

राखणीची कुत्री पाळणं हा त्यांच्या घरचा जुना धंदा. बापाला सगळे रानेओ म्हणत, नेओचा बाप म्हणून. शोशोंग गावाच्या पश्चिमेला ज्याच्या ज्याच्याकडे शेळ्या होत्या, त्याच्या तळावर रानेओच्या वाडग्यातलं, म्हणजे शेळ्यांच्या काटेरी कोंडवाड्यातलं, एक तरी कुत्रं असायचंच. दिसायला ती कुत्री काही खास नव्हती. तांबडी, किडकिडीत, कान अर्धवट पडलेले. पण कोल्हा आला की उभी राहायची, आणि बिबट्या आला तरी हटायची नाहीत. कारण ती शेळ्यांतच वाढलेली. शेळीचं दूध प्यायलेली, करडांना टेकून झोपलेली. त्यांना माणसानं गोंजारायचं नाही, हा घरचा नियम. माणसाच्या मांडीची ऊब एकदा कळली की कुत्रं शेळ्या सोडून चुलीपाशी येऊन बसतं.

जून महिन्यातली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातली, सकाळ होती. थंडीनं हौदातल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ धरला होता. गोराता गाढवगाडी घेऊन बोअरवर आली, तर हौदाच्या कठड्यावर एक अनोळखी तरुण बसलेला. अंगात खाणीवरचा जाड कोट... आणि कोटाच्या गळ्यातून बाहेर डोकावणारे दोन तांबडे कान.

"ए! काढ ते बाहेर!"

तो दचकला. "कोट काढू? एवढ्या थंडीत?"

"पिल्लू काढ, पिल्लू! कुणाचं आहे ते?"

"मामाचं. मोतिबीमामाचं. कालच आणलंय. रात्रभर रडत होतं बिचारं, म्हणून..."

"म्हणून कोटात घातलंस. छान! आता अंगाईपण म्हण."

"म्हटली ना," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "दोन म्हटल्या. त्याला दुसरी आवडली."

गोराताला हसू आलं. ते तिनं गाढवाकडे तोंड करून गिळलं. मग पुढे होऊन तिनं पिल्लू त्याच्या कोटातून उचललं आणि मोतिबीच्या शेळ्यांच्या घोळक्यात नेऊन सोडलं. पिल्लू केकाटलं. एका म्हाताऱ्या शेळीनं त्याला हुंगलं, शिंग लावलं, आणि मग कंटाळून तशीच उभी राहिली. पिल्लू तिच्या पायांत शिरलं.

"रडू द्यायचं त्याला," गोराता म्हणाली. "रडत रडतच ते शेळीला चिकटतं. खायला घालायचं तेही वाडग्यात. भांडं ठेवायचं, पाठ फिरवायची, निघायचं. लाड नाहीत, हाक नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"ज्याच्या घरून ते आलंय त्याची मुलगी आहे मी."

"अस्सं..." त्यानं टोपी काढली. "मी तिरेलो. तांब्याच्या खाणीवर होतो. मामाचे गुडघे गेले, म्हणून शेळ्यांकडे आलोय. एक विचारू? तुमच्या घरात माणसांनाही हाच नियम आहे का?"

"माणसांना आधी वाडग्यात झोपवून बघतो. टिकला तर पुढचं बोलतो."

"जागा आहे का... वाडग्यात?"

गोराता गाडीवर चढली. "महिन्यानं बघायला येईन. शेळ्यांत दिसला नाही, तर परत घेऊन जाईन."

"कुणाला?"

तिनं गाढवाला हाकललं. पाण्याची पिंपं भरायची राहूनच गेली, हे तिला घरी पोचल्यावर आईनं विचारलं तेव्हा कळलं.

महिन्यानं ती गेली. पिल्लाचं नाव फिरी ठेवलं होतं. फिरी म्हणजे तरस. नियम मोडू नये म्हणून त्याला त्या नावानं हाक मात्र कुणी मारत नसे. फिरी करडांच्या ढिगात असा झोपला होता की कुठला पाय कुणाचा ते सांगता येऊ नये. बघण्यासारखं आणखी काही नव्हतं. तरी तिरेलोनं चहा केला, गरम माग्विन्या, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे, तळून आणल्या, आणि तळण करपलेलं असूनही गोरातानं तीन खाल्ल्या.

"आता परत कधी?" त्यानं विचारलं.

"आता कशाला? चांगला चाललाय की. बिघडला तरच यायचं."

"बिघडला तरच..." तिरेलो स्वतःशीच म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात पाण्याच्या टँकरवाल्यानं निरोप आणला: मोतिबीच्या तळावरचा कुत्रा बिघडला म्हणे, माणसांच्या मागे फिरतो म्हणे. गोराता घाबरून गाडी जुंपून गेली. फिरी शेळ्यांबरोबर रानात होता. तिरेलो डोकं खाजवत म्हणाला, "सकाळपर्यंत बिघडलेला होता. तू येतेयस म्हटल्यावर सुधारला."

पुढचा निरोप बसच्या ड्रायव्हरनं आणला. त्या वेळी गोराता घाबरली नाही. तिनं नेओनं पाठवलेला निळा रुमाल डोक्याला बांधला, आरशात एकदा पाहिलं... मग परत सोडून परत बांधला. त्यानंतरचा निरोप दुकानातल्या बाईकडून आला, तेव्हा तर ती हसतच निघाली.

"आज काय झालंय त्याला?"

"आज काही खात नाहीये," तिरेलो म्हणाला.

"तो की तू?"

"मीच. पण टँकरवाल्याला तसं कसं सांगू?"

दोघं वाडग्याच्या काटेरी कुंपणाला टेकून उभी राहिली. ऑगस्टचा वारा धूळ उडवत होता. तिच्या रुमालावरची धूळ त्यानं बोटांनी झटकली. फिरी दोघांकडे ढुंकून न बघता शेळ्यांमागे निघून गेला.

निरोप मात्र ज्याच्या त्याच्या तोंडून गेले होते. टँकर प्रत्येक तळावर थांबत होता, बस प्रत्येक गावात. आणि तोंडातून तोंडात जाताना एका कुत्र्याऐवजी रानेओंची सगळीच कुत्री बिघडली.

नोव्हेंबरात, पावसाच्या तोंडावर, तामागाची, म्हणजे रानेओच्या सगळ्यात चांगल्या कुत्रीची, पिल्लं द्यायची झाली. एरवी ती व्हायच्या आधीच सांगून ठेवलेली असायची. या वेळी दिवसभर फाटकापाशी एक माणूस आला नाही. पिल्लं याच वयात नव्या शेळ्यांत गेली तरच त्यांना चिकटतात. राहिली की ती गावातली उकिरडा हुंगणारी कुत्री होतात.

संध्याकाळी रानेओ बाकावर बसून म्हणाले, "लोक म्हणतायत, रानेओची जात बिघडली."

"खोटं आहे बाबा ते!"

"खोटं होतं, तर तू मोतिबीच्या तळावर सारखी का जात होतीस?"

गोराताचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

रानेओंनी ते मौन भलतंच वाचलं. त्यांची मान खाली गेली. "म्हणजे खरंच आहे. मग पुढच्या आठवड्यात वाटेल त्याला वाटून टाकू पिल्लं. तामागाची यापुढे वीण नको. तू नेओकडे जा. तिच्या दुकानात माणूस हवंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोराता मोतिबीच्या तळावर पोचली. आज रुमाल धड बांधलेला नव्हता.

तिरेलो हसत पुढे आला. "मी तर निरोप पाठवलाच नव्हता! म्हणजे आता तू आपणहून..."

"हसू नकोस. तुझ्या निरोपांनी आमचं घर बसलंय."

तिनं सगळं सांगितलं. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"उद्या शेळ्यांना लस टोचायचा दिवस आहे," तो शेवटी म्हणाला. "सगळ्या तळांवरचे लोक येतील. मी सांगतो."

"काय सांगणार?"

"खरं. दुसरं काय?"

"वेडा आहेस का? मुलीबद्दल मुलगा बोलतो का कधी? तुझे मामा आमच्या घरी येऊन मागणी घालायच्या आधी तू चारचौघांत तोंड उघडलंस, तर ते जन्मात येणार नाहीत. मग ना कुत्री राहतील ना..."

"ना काय?"

"काही नाही!" ती म्हणाली, आणि डोळे पुसत गाडीकडे वळली.

लसीच्या दिवशी, जिथून शेळ्या एकेक करून टोचायला सोडतात त्या लाकडी फाटकापाशी शेळ्यांचा आणि माणसांचा एकच कालवा होता. आभाळ भरून आलं होतं. तिरेलो पाण्याच्या हौदावर चढला.

"ऐका! फिरी बिघडलाय असं मी म्हटलं होतं. आता बघा."

त्यानं शीळ घातली. फिरी मोतिबीच्या शेळ्यांमध्ये बसला होता, तसाच बसून राहिला. तिरेलोनं त्याला नावानं हाका मारल्या, लाडानं बोलावलं, खिशातून मटणाचा तुकडा काढून नाचवला. फिरीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, जांभई दिली, आणि मान एका शेळीच्या पाठीवर टेकवून डोळे मिटले. तेवढ्यात कुणाचं तरी भटकं कुत्रं मटणाच्या वासानं शेळ्यांकडे वळलं. फिरी बाणासारखा उठला. ते भटकं कुत्रं केकाटत थेट रस्त्यापलीकडे. फिरी परत आपल्या जागी येऊन बसला.

हाकेला न येणारं कुत्रं म्हणजे काय चीज असते, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मोसिदी नावाची एक म्हातारी, जिच्या जिभेला सगळे भीत, काठी आपटत पुढे आली. "मग मेल्या, बिघडला बिघडला म्हणून बोंबललास का?"

"आजी, कुत्रा बिघडला की गोराता बघायला येते. म्हणून."

आधी एक बाई फिस्सकन हसली. मग सगळं फाटक हसू लागलं. फक्त मोतिबीमामांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. "अरे गाढवा! मी, तुझा मामा, जे चांगले कपडे घालून, रीतसर बसून विचारायचं, ते तू शेळ्यांसमोर ओरडून सांगितलंस? आता कुठल्या तोंडानं जाऊ मी त्यांच्या दारात?"

तिरेलो मान खाली घालून उभा राहिला. गोरातानं बापाकडे बघितलं. रानेओंच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. परवापासून त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

"बाबा," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "निरोप खोटा आहे हे मला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. तरी... मी पुढेही गेले."

"का?" रानेओंनी विचारलं.

"माग्विन्या करपलेल्या असायच्या," गोराता म्हणाली, "तरी आवडायच्या."

मोसिदी म्हातारी इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं.

रानेओ सावकाश मोतिबींपाशी गेले. खाली वाकून त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

"मोतिबी, मला हल्ली कमी ऐकू येतं. या मुलानं आता काय म्हटलं ते मी ऐकलेलं नाही. माझ्या मुलीनंही काही म्हटलेलं नाही. तुम्ही घरी या, चांगले कपडे घालून. मग बोलू."

मोतिबींनी टोपी डोक्यावर घातली, सरळ केली. "पाऊस लागायच्या आत येतो," ते म्हणाले.

"पुला!" मोसिदी खालूनच ओरडली, आणि सगळे तिच्यामागून "पुला! पुला!" ओरडले. चांगलं काही ठरलं की आमच्याकडे पावसालाच हाक मारतात. त्या गोंगाटात तिरेलो हौदावरून उतरून गोरातापाशी आला, आणि सगळे बघतायत म्हणून हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

"आता वाडग्यात किती दिवस झोपायचं?" त्यानं हळूच विचारलं.

"तोंड बंद ठेव," ती म्हणाली, "म्हणजे लवकर सुटशील."

तामागाची पिल्लं त्याच दिवशी, फाटकापासून थेट रानेओंच्या घरी जाऊन, लोक घेऊन गेले. पुढच्या ईस्टरला लग्न झालं. तिरेलो रानेओंच्या कुंपणाला लागूनच घर बांधून राहिला, आणि पिल्लं बघायला दोघं एकाच गाडीतून जाऊ लागली.

फिरी दोन हजार नऊच्या हिवाळ्यात, शेळ्यांमध्ये झोपलेला असतानाच मेला. रानेओ त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै महिन्यात वारले.