लांबत गेलेला तास

कॉलेजचे ऑनलाइन वर्ग सांभाळणं हे माझं काम. प्राध्यापकांचे तास रेकॉर्ड करायचे, क्लाउडवर चढवायचे आणि मुलांना ते घरबसल्या न अडकता दिसताहेत ना, यावर लक्ष ठेवायचं. कुणी विचारलं तर मी सांगते, क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. दुसऱ्याच्या जागेत भाड्यानं घेतलेली कपाटं, एवढंच. एकाच तासाच्या प्रती दूरदूरच्या मशीनवर ठेवलेल्या असतात. एक बंद पडलं तरी मुलांचं अडत नाही.

ताई त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ताईच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं सर्जन म्हणाले, तेव्हा मीच रडले. ती म्हणाली, "आधी वर्षाचं शिकवून घेते. मग काय कापायचं ते कापा."

बैठकीच्या खोलीत खिडकीला पाठ करून बसून तिनं सगळे तास रेकॉर्ड केले. पुढच्या पुढच्या तासांत आवाज बसत गेलेला कळतो. दर वेळी शिकवून झालं की ती गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि कॅमेरा बंद करायची.

ऑपरेशन नीट झालं. श्वास आता गळ्यातल्या छिद्रातून चालायचा. बोलायचं ते ती मोबाइलवर टाइप करून माझ्यासमोर धरायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, ते शिकवायला थेरपिस्ट बाई घरी यायच्या. पहिल्यांदा त्यातून आवाज निघाला तेव्हा ताईनं टाइप केलं, 'मिक्सर बोलतोय.' आम्ही तिघी पोट धरून हसलो.

मग एका विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या ताईंना थँक्यू सांगा ना. मी लिहून पाठवलेली शंका त्यांनी इतकी छान समजावली!"

"कुठे समजावली?"

"तासातच. लाटांच्या. शेवटी."

मी तो तास उघडला. शिकवून झालं. ताई उठायला हवी होती. उठली नाही. पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "कुणीतरी विचारलंय, लाट पुढे जाते तर पाणी का जात नाही?" आणि निवांतपणे समजावत बसली. आवाज स्वच्छ होता. बसलेला नव्हता.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर म्हणाला, "कुणीतरी एआयचा खेळ केलाय. थांब, शोधतो." त्यानं दुपारभर शोधलं. चढवल्यापासून फाइलला कुणी हात लावलेला नव्हता. माझ्याकडची मूळ प्रत मात्र आखूडच होती.

"मग ही लांबली कशी?" त्यानं विचारलं.

"तेच तुला विचारतेय."



बाकीचे तासही लांबत गेले. मुलं खूश होती. मी एकटी असले की आवाज बंद करून नुसती बघायचे. ऑपरेशननंतर मी बैठकीतले पडदे बदलले होते. एका तासात ताईच्या मागे ते नवे पडदे होते.

ताईला हे सगळं माझ्याआधीच कळलं होतं. दिवसभर लॅपटॉप पुढ्यात घेऊन ती स्वतःलाच ऐकत बसायची. यंत्र कपाटात गेलं. जेवण दोन घासांवर आलं. थेरपिस्ट बाई जाताना मला दारात म्हणाल्या, "त्यांनी मनच काढून घेतलंय हो."

त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर बसले. "ताई, मी ते तास काढून टाकते."

'नको. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते.'

"ती म्हणजे कोण, ताई?"

तिनं काहीतरी टाइप केलं, पुसलं. मग विचारलं, 'तुला भीती वाटते?'

"हो."

तिनं माझ्या हातावर थोपटलं, लहानपणी ताप आला की थोपटायची तसं. 'मग काढ.'

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मी सगळे तास खोडले. प्रती सगळीकडून पुसल्या जायला जरा वेळ लागतो. एकेक जात होती. शेवटची उरली, तेव्हा न राहवून मी ती उघडली.

ताई कॅमेऱ्याकडे बघत होती. ओठ हलत होते. मी स्पीकर पूर्ण मोठा केला.

काहीच ऐकू आलं नाही.

तिच्याही ते लक्षात आलं असावं. ती बोलायची थांबली. हात गळ्याशी गेला. मग स्क्रीन कोरी झाली.

मी तशीच घरी निघाले.

जिन्यातच आवाज कानावर आला. ताईचा. स्वच्छ, मोकळा. वाटलं, तिनं कुठेतरी एखादा तास उतरवून ठेवला असेल. तोच लावून बसली असेल.

बैठकीत लॅपटॉप बंद होता. मोबाइल चार्जिंगला लावलेला, तोही बंद.

ताई स्वयंपाकघरात होती. माझ्याकडे तोंड करून, दोन्ही हातांत कप धरून.

"आलीस? बस जरा. किती धापा टाकतेयस!"

कप तिच्या ओठांना लागलेलाच होता. चहाचा घोट गळ्यातून खाली उतरताना मला दिसला. आवाज मध्ये थांबला नाही.

"चहा टाकू तुला?"

ताईनं कपावरून माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते. ती हळूहळू, पुन्हापुन्हा, नकारार्थी मान हलवत राहिली.